तीन वाजताची नोंद

४ जानेवारी

धाकटे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून लिहून घेतला आहे. तो म्हणाला, "काका, मेहुणीला पत्र आणि पत्ता माझ्या हातचा? काय भानगड आहे?" मी म्हटलं, भानगडी करायचं वय गेलं, तू मुकाट्याने लिही. फोन तू उचलत नाहीस. सतरा वेळा केला, मग सोडून दिलं.

एकच काम आहे. गुरुवारी अकरा वाजता हॉस्पिटलची सिस्टर तुझ्या ताईला तपासायला येते, तेवढ्यापुरती ये. अकरा ते बारा. माझ्याशी बोलू नकोस. घरातलं पाणीही पिऊ नकोस वाटल्यास. फक्त पलंगापाशी उभी राहा आणि सिस्टरला दिस.

कारण तुला माहीत आहे. ताईला पक्षाघाताचा झटका आला, गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की असा पेशंट घरी न्यायचा तर घरात शिकलेली दोन माणसं हवीत. एक झोपेल तेव्हा दुसरं जागं. म्हणून तर आपण बारा दिवस मशीनने नळीतून कफ खेचायला शिकलो. तू आधी शिकलीस, मला वेळ लागला, हे मी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. दोन माणसं नसतील तर ते तिला अशा पेशंटांच्या केंद्रात नेऊन ठेवणार, शहराच्या पार त्या टोकाला. एका खोलीत आठ खाटा. तुझ्या ताईला दुसऱ्याचा टॉवेल चालत नाही, तिला आठ खाटा.

तू गेलीस हे मी सिस्टरला सांगितलेलं नाही. नऊ आठवडे झाले. रोजच्या नोंदींच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या माणसाच्या रकान्यात तुझी सही मीच करतो. डाव्या हाताने करतो, म्हणजे वेगळी दिसते. सिस्टर आली की तू बाजारात गेलेली असतेस. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस. मागच्या खेपेला सिस्टर म्हणाली, "तुमच्या मेहुणीबाईंना बरोबर गुरुवारीच कामं निघतात." हसत म्हणाली, पण तिच्या वहीत काहीतरी लिहिलं.

तू का गेलीस त्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्या दुपारी ताई काळीनिळी पडली होती हे खरं आहे आणि तू बाहेर पायरीवर बसली होतीस हेही खरं आहे. मी रागात बोललो. कोणीही बोललं असतं. पण अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला टाकून जाणं कोणत्या रागात बसतं, ते तूच ठरव.

औषधं वेळेवर चालू आहेत.

तुझा भाऊजी


१४ जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. शिंपी म्हणतो पत्र पोचायला चार दिवस लागतात, म्हणून दहा दिवस थांबलो. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आलो आणि आता लिहायला बसलोय. ताईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला आहे, आकडा चौऱ्याण्णव दाखवतोय. नव्वदच्या खाली गेला की उठेन, तेव्हा मध्येच काही तुटलं तर समजून घे.

इथे सगळं उत्तम चाललं आहे. तुला वाटत असेल, तुझ्यावाचून अडेल. काही अडत नाही. सहाला तोंड पुसणं, गळ्याची आतली नळी काढून धुणं, दुसरी बसवणं. पोटाच्या नळीतून पातळ आहार सहा वेळा, घाई न करता. दर दोन तासांनी कूस बदलणं. घरघर ऐकू आली की कफ खेचणं, आणि नाही आली तरी तीन तासांनी खेचणं. झोप मला पहिल्यापासून कमीच लागते. बॉयलरवर बत्तीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या आहेत मी. खुर्चीत डोळा लागतो तेवढा पुरतो. रजिस्टर सकाळीच नीट लावून टाकतो, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नाही.

परवा आतली नळी धुतली आणि कुठे ठेवली ते आठवेना. जादाचीही सापडेना. अकरा मिनिटं शोधत होतो. दोन्ही माझ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. हे तुला कशाला सांगतोय कोणास ठाऊक.

मी औषधं आणायला जातो तेव्हा शिंपी अर्धा तास येऊन बसतो. काजं करायचं काम बरोबर आणतो. काल म्हणाला, "काका, तुम्ही मशीनशी गप्पा मारता, काकूंशी नाही."

मी म्हटलं, "मशीन उत्तर देतं."

"काकूपण देतात की. मी विचारलं, ह्या शर्टाला निळी बटणं लावू का पांढरी, तर पांढऱ्याला वर बघितलं आणि निळ्याला डोळे मिटून धरले. निळीच शोभली."

म्हणजे सिस्टरने शिकवलेलं त्यालाही येतं. हो असेल तर डोळे घट्ट मिटून धरायचे, नाही असेल तर वर छताकडे बघायचं. मीही विचारतो तिला. कफ काढू का, दुखतंय का, उजेड कमी करू का. आणखी काय विचारायचं असतं माणसाला? तू तासन्‌तास तिच्याशी काय बोलायचीस, मला कधी कळलं नाही.

काल गुरुवारी तू पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे होतीस. दाढ काढली तुझी. पुढच्या गुरुवारी आलीस तर एका गालाला हात लावून ठेव.

तुझा भाऊजी


२२ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ. "ताई कशी आहे तेवढंच लिहा, बाकी तुमचं तुमच्याजवळ ठेवा." बरं. ताईचंच लिहितो.

ताप नाही. आहार पचतो. पाठीला खाली, माकडहाडाशी, एक लाल डाग आला आहे. केवढा ते शिंप्याला बोटांनी करून दाखवलं, तो म्हणाला, "कोटाचं बटण असतं तेवढा." सोमवारी दाबला की पांढरा व्हायचा. आता दाबला तरी लालच राहतो. याचा अर्थ काय ते आपल्याला शिकवलं होतं, तुला आठवत असेल. गुरुवारी सिस्टरला तो दाखवला नाही.

रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे. एकही चुकलेली नाही. कोणीही येऊन पाहावं.

आता तूच सांग, तिला एकट्याने वळवता येतं का? तू खांद्याला धरायचीस, मी कमरेला, आणि तू म्हणायचीस "एक, दोन, हं." आता हं मीच म्हणतो आणि उचलतोही मीच, आणि ती अर्ध्यावर राहते. मग पाठीमागे उशी कोंबतो. माझ्या कंबरेचं काय झालं आहे ते माझ्याजवळ ठेवायचं आहे, म्हणून लिहीत नाही.

मंगळवारी मी तिच्यावर ओरडलो. कफ काढताना ती खोकली आणि सगळं माझ्या चष्म्यावर उडालं. मी म्हणालो, "मुद्दाम करतेस तू." चष्मा धुऊन परत आलो तर ती छताकडे बघत होती. नाही म्हणत होती. मी पांघरूण नीट केलं, मशीन पुसून ठेवलं, तरी ती नाहीच म्हणत होती.

हे ताईबद्दलच आहे, म्हणून लिहिलं.

तुझा भाऊजी


२८ जानेवारी

धाकटे,

मी पकडला गेलो. एकदम सांगून टाकतो.

काल सिस्टर अकराऐवजी सव्वादहाला आली. आधीच्या घरचं काम लवकर आटोपलं म्हणे. रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि मी मोरीत हात धूत होतो. आतून आवाज आला, "काका, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"

"सव्वादहा."

"माझ्यातही सव्वादहाच. मग दुपारी चारचा कफ कोणी काढला?"

मी सदऱ्याला हात पुसत आत आलो.

"पिवळसर होता, चिकट होता. हेसुद्धा आधीच कळलं तुम्हाला?" तिने पान माझ्याकडे फिरवलं. "सहाला डाव्या कुशीवर वळवलंय. सही मेहुणीबाईंची. कुठे आहेत त्या?"

"बाजारात."

"काय आणायला गेल्यात?"

धाकटे, सबंध बाजारातली एक वस्तू मला सुचली नाही.

मग तिने ताईला कुशीवर घेतलं. मी कमरेला धरलं. डाग फुटला होता, कातडी गेली होती, आत ओलं दिसत होतं. सिस्टरने ते धुतलं, औषध लावलं, पट्टी लावली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू बॉयलर पाहिलेला नाहीस, म्हणून सांगतो. दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लिहायची असते. आम्ही पाळी सुरू झाली की आठही तासांचे आकडे भरून टाकायचो. मीच नाही, सगळेच. आकडे लिहीत बसलं तर बॉयलरकडे बघणार कोण? कामात कसूर नव्हती. बत्तीस वर्षांत एकदाही काही झालं नाही. मी सिस्टरला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "काका, दाब वाढला की बॉयलर आवाज करतो. काकू नाही करत."

दोन आठवड्यांची मुदत दिली आहे. दहा तारखेला ती खरोखरचं दुसरं माणूस बघायला येणार. नसेल तर ताईला केंद्रात हलवायचं. त्याचा फॉर्म टेबलावर ठेवून गेली आहे, खाली माझ्या सहीला जागा आहे. जाताना तिने वाकून ताईला काहीतरी विचारलं. ताई तेव्हा पेंगुळलेली होती. मी तसं सिस्टरला सांगितलं.

आता तरी ये. वरती मी एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडासमोर धरलीस तर वाचता येईल. त्यात हात जोडले होते.

तुझा भाऊजी


४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा निरोप शिंपी जिना उतरून सांगून गेला. त्याच्या फोनवर म्हणालीस की बुधवारी सकाळच्या गाडीने येते, ताईला कुठे हलवू नका, आणि भाऊजींना म्हणावं चादर ताणून घाला, सुरकुती राहता कामा नये. शिंप्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद. म्हणाला, "काका, सुटलात बघा."

येऊ नकोस.

हे शिंप्याच्या तोंडून कळवण्यासारखं नाही म्हणून लिहितो आहे. तो आजच मोठ्या पोस्टात टाकून येणार आहे. मंगळवारपर्यंत तुला मिळायला हवं.

तुझा निरोप आला तेव्हा मी आधी ताईकडे गेलो. म्हटलं, धाकटी येतेय, आता कुठे जायला नको. तिने डोळे मिटले नाहीत, वरही पाहिलं नाही. म्हणून त्या गुरुवारी जाताना सिस्टरने वाकून तिला काय विचारलं होतं ते मला लिहावंच लागतंय. सिस्टरने विचारलं होतं, "काकू, तुम्हाला केंद्रात जायचंय का?" ताईने डोळे मिटले. मी म्हणालो, झोपेला आलीय ती. सिस्टरने परत विचारलं. ताईने परत मिटले, आणि इतका वेळ धरून ठेवले की पापण्या थरथरायला लागल्या. झोपेला आलेलं माणूस असं मिटत नाही. मी म्हणालो, बघा, झोपली.

घरी आणल्यापासून मी तिला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तिला घरीच राहायचंय हे मी डॉक्टरांना सांगितलं, तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. ती आत पलंगावर ऐकत असायची.

काल दुपारी विचारला. कफ काढला, तोंड पुसलं, खुर्ची जवळ घेतली. "तुला जायचंय?" मिटले. "इथे नको?" मिटले. "माझ्यामुळे?"

त्यावर तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. पाणी वाहायला लागलं तरी पापणी लवू दिली नाही. चाळीस वर्षांत इतकं जपून तिने मला कशाचंच उत्तर दिलेलं नाही.

आता दुसरं. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

त्या दुपारी तू तीन वाजता रजिस्टर पाहिलंस. तीनच्या रकान्यात होतं, कफ काढला, पांढरा, पातळ. खाली माझी सही. म्हणून तू निर्धास्तपणे पायरीवर जाऊन बसलीस. ती नोंद मी सकाळी सातला केली होती. तीनचं काम माझं होतं आणि मी आतल्या खोलीत झोपलो होतो. घरघरीने मला जाग आली नाही. घरघर थांबली तेव्हा आली. धावत गेलो, मशीन लावलं, गुठळी निघाली, तिच्या ओठांचा रंग परत आला, आणि तू दारात आलीस. मी तुला म्हणालो, "तुला ती मेलेलीच हवी होती. म्हणजे सुटली असतीस." जी धुलाईच्या दुकानातलं कायमचं काम सोडून सहा महिने बहिणीपाशी राहिली तिला मी हे म्हणालो.

तू म्हणालीस, "भाऊजी, तीनचं लिहिलेलं होतं. मी बघितलं."

तू ताईचे पाय चोळत बसलीस तेवढ्यात मी ते पान फाडलं. दुसरं पान लिहिलं. त्यात तीनचा रकाना तुझ्या नावावर टाकला आणि रिकामा ठेवला, आणि मग तुझ्यापुढे धरलं. म्हटलं, दाखव कुठे लिहिलंय. तू पान हातात घेतलंस. डोळे चोळलेस, परत पाहिलंस. पुढचे दोन दिवस तू मला काही उलट बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "माझा चष्म्याचा नंबर वाढला असेल. माझ्या हातून ताईचं काही बरंवाईट होईल, भाऊजी." आणि बॅग भरलीस. मी तुला थांबवलं नाही. जाताना डबा विसरलीस, तो देण्यासाठीसुद्धा मी हाक मारली नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तू माफ केलंस तर येशील. आलीस तर दोन माणसं होतील, सिस्टर फॉर्म परत नेईल, आणि ताईचे मिटलेले डोळे पुन्हा कोणी मोजणार नाही. मी तिला जाऊ देणार नाही. माझं मला माहीत आहे. दहा तारखेला पलंगापाशी तुला उभं बघितलं की मी म्हणेन, झोपेत होती हो ती, तिला काय कळतंय. म्हणून तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही असं लिहिलं आहे. त्यासाठी काही बनवावं लागलं नाही.

फाडलेलं पान सोबत आहे. तीनच्या पुढे बघ. तुझे डोळे ठीक आहेत.

तुझा भाऊजी


१६ फेब्रुवारी

धाकटे,

तू आली नाहीस. मी सही केली.

शुक्रवारी दोन माणसं आली. तिला पट्ट्यांच्या खुर्चीत बांधून जिन्याने खाली नेलं. शिंपी पुढे दार धरून उभा होता, "हळू, हळू" म्हणत होता, जसा काही तोच नवरा. मी मागून टॉवेलची पिशवी घेऊन गेलो. तिथे टॉवेलवर नाव घालून ठेवतात, एकाचा दुसऱ्याला लावत नाहीत. म्हणजे तीही माझी काळजी फुकट गेली.

खोलीत आठ नाहीत, सहा खाटा आहेत. दोन मुली येतात, एक खांद्याला धरते, एक कमरेला, आणि ताई मिनिटात ह्या कुशीवरून त्या कुशीवर. वळवताना त्या आपसात कोणाच्या तरी चपलांबद्दल बोलत होत्या. मी सांगायला गेलो की तिचा डावा खांदा जपून धरा. एक म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बाहेर बसलो. जखम भरत आली आहे. पाच दिवसांत. मला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं.

मशीन आणि पलंग हॉस्पिटलवाले घेऊन गेले. खोलीत मधोमध मोकळी जागा झाली आहे. मी अजून भिंतीच्या कडेनेच जातो.

सगळे म्हणाले होते, आता झोप काढा. शिंपी रोज विचारतो, "झोपलात ना काका?" मी हो म्हणतो.

केंद्र तुझ्याकडून दीड तासाच्या अंतरावर आहे. पत्ता आणि बसचा नंबर शिंप्याने मागच्या बाजूला नीट अक्षरात लिहिला आहे. शेवटच्या थांब्यावर उतरायचं. पहिल्या मजल्यावर, खिडकीपासची खाट. भेटायची वेळ चार ते सहा. मी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ठेवले आहेत, बाकीचे दिवस तुझे. म्हणजे आपल्याला एकमेकांसमोर यायला नको.

काल मी आत गेलो तेव्हा तिने डोळे उघडले. मला पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. मी वळून पाहिलं, दारात कोणी नव्हतं. म्हटलं, "धाकटीची वाट बघतेस?" तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता उघडेल. मी खुर्चीत बसून राहिलो. सहाची घंटा होईपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

पत्र मिळेल त्याच दिवशी जा. वार माझा असला तरी.

तुझा भाऊजी